काचेवरचं मीठ

१

दिंद्रुडात समुद्र आला तो सत्त्याण्णव साली, उन्हाळा तोंडावर असताना, एका टेंपोतून. चार निळी पिंपं भरून पाणी, ओल्या गोणपाटात गुंडाळलेले काळे खडक, वाळूची पोती, आणि झाकणाच्या बादल्यांत जीव.

राजेश्वरआप्पाचं सडकेवर सिमेंट-लोखंडाचं दुकान. घरात रंगीत टीव्ही झाला होता, गच्चीवर डिशची छत्री झाली होती, फोन झाला होता. मग तो एकदा मालवणला जाऊन आला आणि म्हणाला, आता हे घरी न्यायचं. पलंगाएवढी काचेची टाकी करून घेतली अन् बैठकीत मांडली. आईच्या देवपूजेची जागा होती तिथं. पूजा सैपाकघराच्या कोपऱ्यात गेली. टाकीत सगळं मालवणचंच. वाळू तिथली, खडक तिथले, पिवळे-काळे पट्ट्यांचे मासे तिथले, शंखात राहणारे खेकडे तिथले, खडकाला चिकटलेलं बोटाबोटांचं समुद्रफूल तिथलं. मीठसुद्धा तिकडच्याच मिठागराचं, दोन पोती. बीडच्या एका पाव्हण्यानं हौसेनं सोनेरी मासा आणला, तर राजेश्वरनं हात जोडले. "ह्यो मालवणचा किनारा हाय दाजी, सर्कस न्हाई."

पण घर लिंगायताचं. तिथं अंडं फुटत नाही. मासे बघायला सगळं गाव, अन् त्यांना सुकटीचा भुगा घालायला हात कुणाचा? राजेश्वरची बायको रोहिणी नाकाला पदर लावून पलीकडं उभी राहायची. म्हणून बिभीषणाला बोलावलं. बिभीषण धनगर, साठी ओलांडलेला, दोन वर्षांमागं मेंढरं विकून मोकळा झालेला.

"मामा, मेंढरं राखली, आता मासे राखा."

"राखतो की आप्पा. पन ह्यांना हाकायचं कुठं?"

त्याला ते काम आवडलं. सकाळी यायचं. हवेचं यंत्र बुडबुड करत असायचं, त्याचे तुषार उडून पाण्याच्या वर, काचेला आतून, मिठाचा पांढरा थर बसायचा. तो ओल्या फडक्यानं पुसून खाली पाण्यातच मिसळायचा. रात्रीत पाणी बोटभर आटायचं, तेवढं विहिरीचं गोडं पाणी घालायचं. पाणी उडतं, मीठ उडत नाही, हे त्याला शिकवावं लागलं नाही. काचेचा एक तरंगता काटा होता, त्यावर राजेश्वरनं लाल रेघ मारून दिली होती. रेघ पाण्याला टेकली की समुद्र बरोबर आहे असं समजायचं. महिनाभर रेघ टेकलेलीच होती.

२

बैठकीला लागून आईची खोली. शांतादेवी. बिभीषण तिला आक्का म्हणायचा. बहात्तरच्या दुष्काळात बिभीषण अन् त्याची बायको भामाबाई हिच्याच दारात सहा महिने जेवले होते. जेवण म्हणजे भाकर, अन् भाकरीवर खडे मीठ. तेवढंच होतं, पण ते हिनं रोज दिलं. बिभीषण ते विसरू म्हटलं तरी कधी विसरला नाही.

आता तिचं काळीज दमलं होतं. अंगाला पाणी चढायचं. पाय केळीच्या खुंटासारखे झाले होते, तिला खाटेवरून उठता येत नव्हतं. माजलगावच्या डॉक्टरनं एकच गोष्ट तीनदा सांगितली. मीठ बंद. चिमटीभरसुद्धा नाही. मीठ पोटात गेलं तर आठ दिवस काढणार नाही.

राजेश्वरनं सैपाकघरातली बरणी कुलपात घातली. टाकीच्या मिठाची पोती बैठकीतल्या कपाटात होती, त्याची किल्ली बिभीषणाच्या कडदोऱ्याला बांधली.

"मामा, आईचा जीव हाय ह्या किल्लीत. ध्यानात ठिवा."

"ठिवलं, आप्पा."

आणि राजेश्वर दाराशीच बसून ठेचा-भाकर खायचा. आईच्या खोलीचं दार उघडं असायचं. वास जायचा. आतून ती म्हणायची, "राजू, बोट बुडवून दे रे नुसतं." तो हसायचा. "आई, चव कशाला पायजे? जीव पायजे." पाव्हणे टाकी बघायला आले अन् तिनं त्यांच्याकडं मीठ मागितलं, की तो दार लोटून घ्यायचा.

एका दुपारी तिनं बिभीषणाला हाक मारली.

"बिभीषणा, एक खडा दे."

"आक्का, डॉक्टर न्हाई म्हनलाय."

"तू कवापासून डॉक्टरचा झालास? माझ्या घरचं मीठ तू खाल्लंस, तुपल्या भामीनं खाल्लं. म्या कधी मोजलं का? त्यातला एक खडा वापस दे."

बिभीषणाला डॉक्टरचं म्हणणं कळत होतं. पण त्याला त्याहून जुनं एक कळत होतं: जे जनावर मिठासाठी जीव टाकतं, त्याच्या अंगात मीठ कमी असतं. चाळीस वर्षं त्यानं असंच ओळखलं होतं अन् एकही मेंढरू त्यात चुकीचं निघालं नव्हतं. त्यानं कपाट उघडलं. ज्वारीच्या दाण्याएवढा खडा आणून तिच्या जिभेवर ठेवला.

तिनं डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच.

"आजून."

"न्हाई आक्का. झालं."

त्या दिवसानंतर तिनं मीठ कधी मागितलं नाही.

३

दोन दिवसांनी सकाळी त्यानं फडकं भिजवून टाकीचं झाकण उचललं, तर काचेवर थर नव्हता.

कुणी पुसला असेल म्हणावं, तर कोण? रोहिणीला विचारलं. ती म्हणाली, "म्या अन् त्या मासळीच्या टाकीला हात लावीन व्हय?" मांजर म्हणावं, तर वरचं झाकण जड, दोन्ही हातांनी उचलावं लागतं. मग त्यानं नीट बघितलं. पुसलेल्या काचेवर फडक्याचे फराटे आडवे येतात. हे उभे होते. खालून वर गेलेले, दोन-दोन बोटं रुंद, एकाला लागून एक, अन् कडेला मिठाची बारीक खरखर तेवढी राहिलेली.

बिभीषणाला हे फराटे माहीत होते. मेंढरांच्या वाड्यात मिठाचा दगड टांगलेला असतो, ती येता-जाता चाटतात, त्या दगडावर असेच पडतात.

त्यानं बाहेरून काचेला बोट लावलं. काच कोरडी. फराटे आतल्या बाजूनं होते.

म्हातारे डोळे, असं स्वतःला सांगून त्यानं काटा सोडला. लाल रेघ पाण्याच्या खाली गेली होती, चांगली नखभर. पाणी गोडं होत चाललं होतं. त्यानं मुठीनं मीठ घातलं.

४

मग रोज मूठ लागू लागली. पुढं दोन मुठी. पुढं वाटी.

अन् इकडं शांतादेवी फुगत चालली. आधी गुडघे, मग मांड्या, मग पोट. बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. चेहरा गुळगुळीत झाला, सुरकुत्या भरून आल्या. रोहिणी बिचारी म्हणाली, "सासूबाई तरण्या दिसू लागल्या," अन् तिलाच रडू आलं.

डॉक्टर आला, त्यानं आवाज चढवला. "कोण देतंय हिला मीठ? घरातलंच कुणीतरी मारतंय ह्या बाईला."

सगळ्यांनी बिभीषणाकडं बघितलं.

"आप्पा, एकदा दिलता खडा. एकदाच. भामाची शपथ."

राजेश्वरनं पुढं होऊन त्याच्या कडदोऱ्याची किल्ली हिसकली, त्यासरशी कडदोराही तुटला. "आई मेली ना बे, तर तुला ह्याच टाकीत बुडवीन." बापाच्या वयाच्या माणसाला तो बे म्हणाला. पण कामावरून काढलं नाही, कारण मासे राखायला दुसरं कोण होतं? त्या दिवसापासून मीठ तो स्वतः वाटीत मोजून द्यायचा. कपाटाला दुहेरी कुलूप. आईच्या खोलीला बाहेरून कडी.

तरी ती फुगतच राहिली. तरी काच रोज सकाळी स्वच्छ.

५

वैशाखातली दुपार. राजेश्वर दुकानात, रोहिणी शेजारी पापड लाटायला. त्या दिवशी राजेश्वरनं घाईत अर्धीच वाटी दिली होती. बिभीषण टाकीसमोर फरशीवर बसला होता. रोहिणी जाताना म्हणाली होती, सासूबाई घाबरतात, दार उघडं ठेवा. म्हणून त्यानं कडी काढली होती, अन् बसल्या जागेवरून खाट दिसत होती. शांतादेवी निजली होती. तोंड ह्याच्याकडं, डोळे मिटलेले.

लाईट गेली. पंखा थांबला. हवेचं यंत्र थांबलं. इतके दिवस ज्या बुडबुडीखाली बाकीचे सगळे आवाज झाकलेले होते, ती बुडबुड थांबली.

अन् तो आवाज आला. खस्स. थोडा वेळ काही नाही. खस्स.

बिभीषणाला आधी बरंच वाटलं. इतका ओळखीचा आवाज, की त्याला वाटलं आपण वाड्यात आहोत. मग त्यानं वर बघितलं.

काचेवर सकाळपासूनचा पातळ पांढरा थर होता. त्यातला दोन बोटं रुंद पट्टा पाण्यापासून वर नाहीसा झाला. तिथं काही नव्हतं. काच होती, काचेपलीकडं मालवणची वाळू, अन् सगळे मासे एका कोपऱ्यात, तोंडं भिंतीकडं करून. खस्स. शेजारचा पट्टा गेला. सावकाश. चवीनं.

त्यानं मान वळवून खाटेकडं बघितलं. शांतादेवीचं तोंड मिटलेलं होतं. गळ्यातली लिंगाची चांदीची पेटी जराशी हलली. घोट गिळल्यासारखी. इकडं खस्स, अन् तिकडं घोट. इकडं खस्स, अन् तिकडं घोट.

डोळे न उघडता ती म्हणाली, "आज कमी घातलंस."

६

"आप्पा, टाकी काढा."

राजेश्वर हिशेबाच्या वहीवरून वर बघेना. "कावून?"

"आक्काला ती बाधतीय. म्या बघितलं."

"काय बघितलं?"

आता हे सांगावं कसं? बिभीषणानं जमेल तसं सांगितलं. दुकानातले हमाल थांबून ऐकू लागले, अन् त्यांच्यातला एक हसला. राजेश्वरही हसला, पण डोळ्यांनी नाही.

"मामा, मालवणला जाऊन ते सगळं जिवंत आणायला मला किती पळावं लागलं ठाव हाय? दहा गावची मानसं बघायला येत्यात. अन् तू म्हनतोस काढा. तुला ऊन लागलंय. घरी जाऊन ताक पी."

बिभीषण घरी गेला नाही. परत बैठकीत आला. डॉक्टरचे आठ दिवस त्याच्या डोक्यात होते, अन् डॉक्टर ओरडून गेल्यापासून त्यातले चार झाले होते. रोहिणी अजून आली नव्हती. त्यानं रबरी नळी टाकीत सोडली, तोंडानं ओढली, अन् समुद्र मोरीत सोडून दिला. तोंडात खारट चव आली. वर विहिरीचं गोडं पाणी घागरीनं ओतत राहिला. एकामागं एक. कंबर मोडली तरी ओतत राहिला.

पट्ट्यांचे मासे वर आले अन् तोंडं उघडू-मिटू लागले. खेकडे शंखातून बाहेर निघाले, उघडे, मऊ, ज्यांना कुणी कधी उघडं बघू नये असे. ते समुद्रफूल मात्र वाईट मेलं. गोडं पाणी त्याच्या अंगात शिरलं, ते फुगलं, फुगलं, बोटं ताठ झाली, अन् मधून फाटलं. बिभीषण प्रत्येकाला म्हणत होता, "झालं, झालं. आता झालं."

७

राजेश्वरनं त्याला मारलं. ते फार सांगण्यासारखं नाही. गुडघ्यावर मारलं, अन् सडकेवर आणून सोडलं.

पण शांतादेवीची सूज उतरली. तिसऱ्या दिवशी तोंडावर सुरकुत्या आल्या. आठव्या दिवशी ती स्वतः उठून न्हाणीत गेली. डॉक्टर म्हणाला, औषध लागू पडलं. गाव म्हणालं, नारायणगडाचा नवस पावला. बिभीषणाला कुणी काही म्हणालं नाही, अन् त्याची काही तक्रारही नव्हती. गुडघा शेकत बसला होता तो घरी. आपण आक्काला वाचवलं, एवढं त्याला पुष्कळ होतं.

८

त्याच आठवड्यात भामाबाई पडली.

आधी पायात गोळे येऊ लागले. मग पाण्याची घागर हातातून सुटली. मग ती एकाएकी बोलता बोलता विसरायची, अन् नवऱ्याला म्हणायची, "तुमी कोण गावचे, पाव्हणं?" दोघंही हसायचे. दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा बिभीषण हसला नाही.

सरकारी दवाखान्यात सलाईन लावलं. बिभीषणानं विचारलं, बाटलीत काय हाय? कंपाउंडर म्हणाला, "मिठाचंच पानी, दुसरं काय." तीन बाटल्या झाल्या. फरक नाही. कंपाउंडर बाटलीकडं बघत पुटपुटला, "जातंय कुठं हे?"

तिला घरी आणलं. ऊन मरणाचं. भामाबाईची चोळी घामानं भिजायची अन् वाळायची. जन्मभर त्या चोळीवर संध्याकाळी मिठाची पांढरी वर्तुळं उमटायची. आता नुसती वाळायची. बिभीषणानं तिच्या कपाळाचा घाम बोटानं टिपून जिभेला लावला. विहिरीचं पाणी.

मग त्यानं तिची मान बघितली. कानाच्या खालून खांद्यापर्यंत कातडी लालसर, खरखरीत झाली होती. दोन बोटं रुंद. त्याला लागून दुसरा पट्टा.

तो दुपारभर तिच्या उशाशी बसला, कांबळं तिच्या मानेवर धरून. कांबळ्याच्या आत, अगदी त्याच्या हाताखाली, आवाज आला.

९

टाकीत मीठ होतं तोवर भामाला काही झालं नव्हतं. मेंढरांसाठी ठेवलेलं मीठ घरात उरलेलं होतं, अर्धं पोतं. ते खांद्यावर घेऊन तो भर दुपारी लंगडत राजेश्वरच्या घरी गेला.

शांतादेवी ओट्यावर बसली होती. अंगावर धुतलेलं लुगडं, कपाळाला भस्म. ह्याला बघून तिचे डोळे भरून आले.

"ये रे. कुनी येऊ दिलं न्हाई का तुला? राजूनं लई वंगाळ केलं. म्या त्याला बोलले."

"असू द्या, आक्का."

"मला वाटलं, मेलेच. आता बघ, जिन्यानं वर जाऊन आले. दिवाळी झाली की कपिलधारच्या यात्रेला जाईन म्हनते. पोत्यात काय हाय?"

"आप्पानं मागिटलं होतं," बिभीषण म्हणाला. आयुष्यात तो फार खोटं बोललेला नव्हता.

"अन् भामी? तिचं आयकलं म्या. तोंडाला चव न्हाई म्हनं?" तिनं आत हाक दिली. "रोहिणी, लिंबाचं लोनचं दे गं भामीसाठी, बरनीतलं खालचं, मुरलेलं." मग ह्याच्याकडं वळून, अगदी आईच्या मायेनं म्हणाली, "खाऊ दे तिला. माझं काय, मला आता सवय झाली अळणीची."

बोलताना तिची जीभ ओठांवरून फिरत होती. म्हाताऱ्या माणसाची फिरतेच. बिभीषण तिच्या तोंडाकडं बघत उभा राहिला. त्याला वाटलं, हिला काहीच माहीत नाही. अन् त्याला वाटलं, काही नसेलच तर? ऊन लागलं असेल, म्हातारे डोळे असतील, म्हातारे कान असतील. मग आपण हे करतोय ते काय करतोय?

कांबळ्याखालचा आवाज त्याच्या हातात अजून होता.

बैठकीत कुणी नव्हतं. टाकी तशीच भरलेली, मेलेलं सगळं काढून टाकलेलं, नुसतं गोडं पाणी अन् काळे खडक. त्यानं झाकण सरकवलं अन् पोतं उलटं केलं. मीठ खाली जाताना पाण्यात उन्हाच्या झळा हलतात तसं काही हललं. बाहेर ओट्यावर शांतादेवी रोहिणीशी बोलत होती. मधेच तिचं बोलणं तुटलं. मग एक घोट गिळल्याचा आवाज आला, मोठा, अन् ती पुढं बोलू लागली.

त्यानं लोणच्याची वाटी घेतली, तिच्या पायावर डोकं ठेवलं, अन् निघाला.

१०

दुसऱ्या दिवशी सकाळी भामाबाई उठून बसली. दुपारी तिनं भाकर मागितली. लोणच्याची फोड तोंडात घालून डोळे बारीक केले. "अगं बाई, लई खारट. आक्काचा हात पहिल्यापसून सैलच."

बिभीषणानं तिच्या कपाळावरून बोट फिरवलं अन् जिभेला लावलं. मग पुन्हा लावलं. मग तो उंबऱ्यात येऊन बसला, राजेश्वरचं घर होतं त्या पेठेच्या बाजूला तोंड करून. तिसऱ्या दिवशीही बसला. काही ऐकू येत नव्हतं. गाव शांत होतं.

चौथ्या दिवशी शेजारची छबुबाई पेठेतून घागर घेऊन आली.

"बिभीषणदादा, आयकलं का? आप्पाच्या आईला परत पानी चढलं. ह्या खेपेला लईच. डोळेसुद्धा उघडंनात. सकाळधरनं डॉक्टरची जीप उभी हाय दारात."

"मग?"

"मग काय? हाय म्हनं आजून."

"आजून?" बिभीषण म्हणाला.

छबुबाईनं घागर कडेवरून खाली ठेवली अन् त्याच्याकडं बघितलं. इतकी वर्षं शेजारी होती ती. ह्या माणसानं कोकराला सुद्धा कधी चढ्या आवाजात हाकललेलं तिला आठवत नव्हतं.

"आसं कावून इचारता, दादा?"

आतून भामाबाईनं आणखी अर्धी भाकर मागितली. तो उठला, अन् द्यायला गेला.